यंत्राशेजारी उभा केलेला माणूस

1900 साली शिकागोच्या जॉर्ज लॉरेन्स या छायाचित्रकाराकडे एक रेल्वे कंपनी विचित्र मागणी घेऊन आली. शिकागो अँड अल्टन कंपनीने ‘अल्टन लिमिटेड’ नावाची नवी आलिशान गाडी काढली होती. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत अख्खी गाडी त्यांना एकाच फोटोत हवी होती, तीही इतक्या मोठ्या आकारात की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. तुकड्यातुकड्यांनी काढून जोडलेला फोटो त्यांना चालणार नव्हता. असा फोटो काढू शकेल असा कॅमेरा तेव्हा जगात कुठेच नव्हता, म्हणून लॉरेन्सने तो बांधायला घेतला.

तयार झालेल्या कॅमेऱ्याचं वजन 900 पौंड, म्हणजे 400 किलोंहून जास्त होतं. आत काच बसवली की ते 1,400 पौंडांवर जाई. ही काच 8 फूट लांब आणि साडेचार फूट उंच होती, म्हणजे निगेटिव्हच घराच्या दारापेक्षा मोठी. भाता पूर्ण ताणला की 20 फूट जागा व्यापायचा. काचेवर धुळीचा कण राहू नये म्हणून एक माणूस समोरच्या दारातून कॅमेऱ्याच्या पोटात शिरायचा आणि उंटाच्या केसांच्या ब्रशने काच झाडून बाहेर यायचा. कॅमेरा चालवायला 15 माणसं लागत. तो रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर चढवून शिकागोजवळच्या ब्रायटन पार्कच्या मोकळ्या मैदानात नेला, गाडी समोर उभी केली आणि अडीच मिनिटांचं एक्स्पोजर दिलं. कॅमेऱ्याचा खर्च 5,000 डॉलर झाला. हा फोटो पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पोहोचला तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना, आणि तो खरोखर एकाच काचेवर घेतल्याचं शपथपत्र त्यांनी मागितलं.

हाच लॉरेन्स 1906 साली भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोवर कॅमेरा चढवायला गेला. त्याने 17 पतंग एका माळेत उडवले, त्यांना जड कॅमेरा टांगला आणि समुद्राच्या बाजूने 2,000 फुटांवरून शहराचे भग्न अवशेष टिपले. ती निगेटिव्ह चार फूट लांब होती. विमान हवेत टिकायला नुकतंच शिकलं होतं, तेव्हाची ही गोष्ट आहे.

1900 सालीच, रोचेस्टरच्या ईस्टमन कोडॅक कंपनीने ‘ब्राउनी’ नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा बाजारात आणला. त्याची किंमत एक डॉलर होती आणि फिल्मचे 15 सेंट वेगळे पडत. पहिल्याच वर्षात असे दीड लाखाहून अधिक कॅमेरे गेले. 5,000 डॉलरचा कॅमेरा आणि एक डॉलरचा कॅमेरा, दोन्ही एका वर्षातले, एका देशातले. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतली अमेरिका आपल्याला इतकी दिसते की तिच्या आधीचा कुठलाच औद्योगिक देश तसा दिसत नाही. डेट्रॉइट पब्लिशिंग ही एकच कंपनी भरात असताना वर्षाला 70 लाख चित्रं छापत असे. तिच्या 25,000 हून अधिक काचा आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेल्या आहेत: गोद्या, पोलादाच्या भट्ट्या, पूल, जहाजबांधणीचे कारखाने, खाणी. मोठ्या काचेवर टिपलेला तपशील इतका असतो की स्क्रीनवर फोटो वाढवत गेलं तर दूरच्या पाटीवरची अक्षरं वाचता येतात आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या कोटाची फाटलेली बाही दिसते.

हे फोटो बघायला लागलं की एक गोष्ट वारंवार समोर येते. अवाढव्य यंत्र असतं आणि त्याच्या कडेला, बहुतेक वेळा कोपऱ्यात, एक माणूस उभा असतो. त्याच्या हातात काम नसतं. छायाचित्रकाराने त्याला तिथे उभं केलेलं असतं, कारण माणसाची उंची बघणाऱ्याला ठाऊक असते आणि तिच्यावरून चाक किती मोठं हे कळतं. माणूस तिथे मोजपट्टी आहे. चाकाचा व्यास, बॉयलरचा दाब, भट्टीची क्षमता हे सगळं फोटोखाली लिहिलेलं सापडतं. शेजारी उभ्या असलेल्याचं नाव क्वचितच सापडतं. त्या काळातल्या आकड्यांनी माझे डोळे खरोखर विस्फारतात, आणि तितक्याच तीव्रतेने ही गैरहजेरी मला टोचते.

आधी यंत्रांचे आकडे घेऊ, कारण ते खरंच थक्क करणारे आहेत. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याने 1906 साली 2,600 हून जास्त रेल्वे इंजिनं बाहेर काढली. रात्रंदिवस धरून हिशेब केला तर साधारण सव्वातीन तासांत एक वाफेचं इंजिन. ग्रेट लेक्सच्या बंदरांत लोहखनिज उतरवायला जॉर्ज हुलेटने जे यंत्र शोधलं, त्याचा क्लीव्हलँडमधला 1912 सालचा नमुना एका घासात 17 टन खनिज उचलायचा. पूर्वी जहाज फावड्यांनी रिकामं करायला मजुरांच्या टोळीला आठवडा लागे, तिथे आता काही तासांत काम आटपू लागलं. हुलेटच्या फोटोंत एक तपशील शोधून बघावा असा आहे. यंत्र चालवणारा वर कुठे केबिनमध्ये बसत नसे. बादलीच्या जरा वर, यंत्राच्या उभ्या पायाच्या आतच त्याची जागा होती. प्रत्येक घासाला तो बादलीबरोबर जहाजाच्या पोटात उतरायचा आणि पुन्हा वर यायचा, दिवसभर.

पण माणूस आणि आकडे यांचा सगळ्यात विलक्षण फोटो डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्कचा आहे. 1913 साली फोर्ड कंपनीने काम थांबवून आपले सुमारे 12,000 कामगार कारखान्याबाहेर उभे केले आणि त्यांचा एकत्र फोटो काढला. मुद्दाम उभं करून घेतलेला जगातला सगळ्यात मोठा सामूहिक फोटो अशी त्याची जाहिरात झाली. टोप्यांचा आणि चेहऱ्यांचा तो समुद्र बघताना नजर कुठे ठेवावी कळत नाही. त्याच उन्हाळ्यातल्या दुसऱ्या फोटोत एका दिवसात तयार झालेल्या सुमारे 1,000 चासी, म्हणजे गाड्यांचे सांगाडे, अंगणात रांगेने मांडलेल्या दिसतात.

आता या दोन फोटोंमागचा हिशेब. 1913 साली फोर्डकडे एका वेळी सुमारे 14,000 कामगार असत. ही संख्या टिकवायला कंपनीला त्या वर्षात 52,000 माणसं भरती करावी लागली. सुट्ट्या वगळल्या तर रोज साधारण पावणेदोनशे नवे कामगार फाटकातून आत येत होते आणि जवळपास तितकेच बाहेर पडत होते. वर्षभरात कामगार बदलण्याचं प्रमाण 370 टक्क्यांवर गेलं. म्हणजे त्या भव्य फोटोत ताठ उभे राहिलेल्यांपैकी पुष्कळ जण वर्ष उलटेपर्यंत तिथे नव्हते. कंपनीने अभिमानाने दाखवलेलं कुटुंब सरासरीच्या हिशेबाने दर तीन-चार महिन्यांनी बदलत होतं.

लोक का सोडून जात, याचं उत्तरही आकड्यांत आहे. 1913च्या वसंतात मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा भाग, जोडण्याचं काम तोडून रांगेत वाटलं गेलं. एका माणसाला एक मॅग्नेटो जोडायला पूर्वी 20 मिनिटं लागत. रांगेत ते 13 मिनिटं 10 सेकंदांवर आलं, मग टेबलाची उंची वाढवल्यावर 7 मिनिटांवर आणि शेवटी 5 मिनिटांवर. चासी जोडायला साडेबारा तासांच्या आसपास लागत. ऑक्टोबर 1913 मध्ये ती दोराने ओढत कामगारांसमोरून नेऊन बघितली, आणि पुढच्या वसंतापर्यंत तेच काम 93 मिनिटांत व्हायला लागलं. आठपट वेग! पण कामगाराच्या बाजूने बघितलं तर, पूर्वी ज्याला गाडी बांधता येई त्याला आता एकच नट आवळायचा होता. तोच हात, तीच हालचाल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शिवाय गती ठरवणार पट्टा.

माणसं टिकेनात म्हणून 5 जानेवारी 1914 रोजी फोर्डने आठ तासांच्या दिवसाला 5 डॉलर जाहीर केले, आधीच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्याच दिवशी फाटकापाशी 10,000 माणसं जमली. आठवड्याभरात, गोठवणाऱ्या थंडीत, गर्दी हटवायला त्यांच्यावर पाण्याचे बंब सोडण्यात आले. या पाच डॉलरांना अटी होत्या. कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी जाऊन घर स्वच्छ आहे का, तो दारू पितो का, बचत करतो का हे बघत, आणि ते समाधानी झाले तरच पूर्ण रक्कम मिळे. त्या वर्षी दर दहांतले सात कामगार परदेशात जन्मलेले होते, बावीस वेगवेगळ्या देशांचे. 1914 साली फोर्डच्या 13,000 कामगारांनी सुमारे 2,67,000 गाड्या बनवल्या. उरलेल्या 299 कंपन्यांनी मिळून जवळपास तितक्याच, 2,86,000 गाड्या बनवल्या, त्याही 66,000 कामगार लावून. 1927 मध्ये मॉडेल टी बंद झाली तेव्हा दीड कोटीहून जास्त गाड्या रस्त्यावर उतरल्या होत्या.

मोजण्याचं हे वेड यंत्रांवरून माणसाच्या अंगावर आलं. अभियंता फ्रेडरिक टेलरने आपल्या 1911च्या पुस्तकात बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यातला हिशेब दिला आहे: बिडाचे ठोकळे उचलून वाघिणीत भरणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल हलवत होता, टेलरच्या पद्धतीने तो साडेसत्तेचाळीस टन हलवू लागला. एक ठोकळा 92 पौंडांचा, म्हणजे जवळपास 42 किलोंचा. कागदावर गुणाकार-भागाकार केला की दिवसाला साडेअकराशेच्या आसपास ठोकळे येतात. दहा तासांचा दिवस धरला तर दर अर्ध्या मिनिटाला 42 किलो उचलायचे, फळीवरून चढायचं, टाकायचे, परत यायचं. काम जवळपास चौपट झालं आणि मजुरी 1 डॉलर 15 सेंटवरून 1 डॉलर 85 सेंटवर गेली.

फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्याने याच कामाला कॅमेरा लावला. फ्रँक मुळात गवंडी. वीट रचताना 18 हालचाली होतात, त्यातल्या बऱ्याच निरुपयोगी, हे त्याने पाहिलं आणि विटा कमरेच्या उंचीवर येतील अशी परांची बनवून हालचाली 5 वर आणल्या. तासाला 120 विटा रचणारा गवंडी 350 रचू लागला, तेही वाकल्याशिवाय. गिलब्रेथना माणसाचा थकवा कमी करायचा होता, हे त्यांच्या बाजूने म्हणायलाच हवं. पण त्यांनी काढलेले फोटो बघताना अंगावर काटा येतो. कामगाराच्या बोटांना बारीक दिवे बांधायचे, खोली अंधारी करायची आणि कॅमेऱ्याचं झाकण काम संपेपर्यंत उघडं ठेवायचं. दिवा ठरावीक वेळाने लुकलुकतो, त्यामुळे काचेवर तुटक प्रकाशरेषा उमटतात. त्या रेषेवरून हात कुठून कुठे गेला आणि किती वेळात गेला, हे मोजता येतं. काही फोटोंत कामगार पुसट छायेएवढाच उरला आहे. मोजमाप सगळ्यात अचूक झालं तेव्हा फोटोतून माणूसच नाहीसा झाला.

जो हिशेब कारखानदार ठेवत नव्हते, तो पिट्सबर्गमध्ये एका सामाजिक पाहणीत दुसऱ्याच लोकांनी मांडला. पिट्सबर्ग ज्या ॲलेघनी परगण्यात येतं, तिथे 1 जुलै 1906 ते 30 जून 1907 या एका वर्षात कामावर मेलेल्या प्रत्येकाची नोंद क्रिस्टल ईस्टमन या तरुण वकील बाईंनी गोळा केली. आकडा 526 होता: 195 पोलाद कामगार, 125 रेल्वे कामगार, 71 खाणमजूर आणि बाकी 135. एका परगण्यात दर तीन दिवसांत चार माणसं. ही नोंद एका कॅलेंडरवर मांडली गेली, प्रत्येक मृत्यूला त्या तारखेवर एक फुली. मेलेल्यांत जे विवाहित होते, त्यांच्या अर्ध्याहून जास्त कुटुंबांना मालकांकडून 100 डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले, काहींना काहीच नाही. 1907 साली अमेरिकेच्या कोळसा खाणींत 3,242 माणसं मेली, त्यांपैकी 362 एकाच दिवशी, 6 डिसेंबरला, वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगाच्या स्फोटात. त्या काळातल्या पोलादाच्या भट्टीच्या कुठल्याही भव्य फोटोकडे बघताना हे आकडे मनात ठेवावे असं मला वाटतं.

पिट्सबर्गच्या त्या पाहणीसाठी फोटो काढणाऱ्यांत लुईस हाइन होता. न्यू यॉर्कच्या एका शाळेत तो शिक्षक होता. 1908 साली शाळा सोडून तो राष्ट्रीय बालमजुरी समितीचा छायाचित्रकार झाला, आणि या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस तोच आहे. 1900च्या जनगणनेत 10 ते 15 वयाची साडेसतरा लाख मुलं कामावर असल्याची नोंद होती, त्या वयाच्या दर साडेपाच मुलांमागे एक. 10 वर्षांच्या आतल्या मुलांना त्यात धरलेलंच नव्हतं. 1910 मध्ये हा आकडा वीस लाखांच्या घरात गेला. आकडा छापून आला तरी कोणाला काही वाटत नव्हतं, कारण वीस लाख चेहरे डोळ्यांसमोर येत नाहीत. हाइनने ते एकेक करून आणायला सुरुवात केली.

गिरण्यांच्या मालकांनी त्याला आत येऊ देणं शक्य नव्हतं. मग तो कधी आग-तपासनीस व्हायचा, कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्डवाला. आणि कधी यंत्रांचे फोटो काढणारा. साच्याचा फोटो काढायचा आहे म्हणून तो आत शिरायचा, आणि यंत्र किती मोठं आहे ते कळावं म्हणून शेजारी एका मुलीला उभं राहायला सांगायचा. मालकाला यात वावगं काही दिसत नसे, माणसाला मोजपट्टी म्हणून उभं करण्याची रीतच होती. हाइनने ती मोजपट्टी उलटी फिरवली. स्वतःच्या कोटाची बटणं जमिनीपासून किती उंचावर आहेत हे त्याने आधीच मोजून ठेवलेलं असे. मूल शेजारी उभं राहिलं की ते कितव्या बटणाला लागतं यावरून त्याची उंची कळे. खिशात हात घालून, न बघता, तो आकडा, वय, पगार टिपून घेई. 1908 साली दक्षिण कॅरोलिनातल्या लँकॅस्टरच्या सूतगिरणीत टिपलेल्या एका मुलीची नोंद आहे: उंची 48 इंच, सहा महिन्यांपासून कामाला. फोटोत तिच्या शेजारून चात्यांची रांग दूरवर जाते.

पेनसिल्व्हेनियातल्या पिट्स्टनच्या कोळसा-ब्रेकरचे, म्हणजे कोळसा फोडून साफ करण्याच्या इमारतीचे, 1911च्या जानेवारीतले फोटो याहून कठीण आहेत. घसरणीवरून कोळसा धडधडत खाली येतो, मुलं फळ्यांवर ओळीने वाकून बसतात आणि वाहत्या कोळशातले दगड हातांनी वेचून काढतात. धूळ इतकी की फोटोतली मागची मुलं आकारांपुरती उरली आहेत. हातमोजे घालून दगड ओळखता येत नाही, म्हणून उघडी बोटं, सुजलेली, फुटलेली. जॉन स्पार्गो या लेखकाने हे काम अर्धा तास करून बघितलं होतं, आणि 1906 साली छापलेल्या पुस्तकात तो सांगतो की बारा वर्षांचं पोर ते रोज दहा तास, 60 सेंटसाठी करतं.

समितीसाठी हाइनने काढलेले 5,100 हून अधिक फोटो आणि 355 काचेच्या निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. हे आकडे लॉरेन्सच्या किंवा फोर्डच्या आकड्यांपुढे लहान आहेत. पण यांतल्या असंख्य फोटोंमागे नाव, वय, उंची, किती महिने कामाला, लिहितावाचता येतं का, असं टिपलेलं आहे. यंत्राचा व्यास कोणीही लिहीत होतं. पोराची उंची लिहायला हाइन लागला.

1916 साली अमेरिकेच्या काँग्रेसने बालमजुरीविरुद्ध कायदा केला, 1918 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. हाइन पुढे कामगारांच्या कौशल्याकडे वळला. 1930 साली, 56 व्या वर्षी, त्याला एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या बांधकामाचे फोटो काढायचं काम मिळालं. 102 मजले, सुमारे 57,000 टन पोलाद, एक कोटी विटा, 410 दिवस. सांगाडा आठवड्याला साडेचार मजल्यांनी चढत होता. एका दिवशी तिथे 3,400 हून जास्त माणसं कामावर होती. चौघांच्या टोळ्या रिवेट मारत: एक जण लालभडक रिवेट तापवून फेकणार, दुसरा डब्यात झेलणार, तिसरा मागून टेका देणार, चौथा हातोडा चालवणार. हाइन फिफ्थ ॲव्हेन्यूच्या हजार फूट वर टांगलेल्या पेटीत उभा राहून हे टिपत होता. इथे माणूस कोपऱ्यात नाही. गर्डर, शहर, नदी सगळं त्याच्या मागे आहे. 1932 साली त्याच शहरातल्या रॉकफेलर सेंटरवर तुळईवर बसून जेवणाऱ्या 11 जणांचा फोटो जगभर गेला, तो जाहिरातीसाठी मुद्दाम बसवून काढलेला होता, आणि त्या 11 जणांपैकी मोजक्यांचीच नावं खात्रीने सांगता येतात.

हाइनला पुढे काम मिळेनासं झालं. कर्ज फेडता न आल्याने घर गेलं, आणि 3 नोव्हेंबर 1940 रोजी तो वारला. 1938 मध्ये नवा कायदा झाला होता: तासाला किमान 25 सेंट, आठवड्याला 44 तास, आणि कारखान्यांत 16 वर्षांखालच्या मुलांना बंदी. हाही कायदा न्यायालयात गेला. 3 फेब्रुवारी 1941 रोजी, हाइनच्या मृत्यूनंतर बरोबर तीन महिन्यांनी, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो उचलून धरला आणि 1918चा निकाल फिरवला. शाळेच्या वेळेबाहेर शेतात राबणाऱ्या मुलांना मात्र त्या कायद्याने हात लावला नाही. 1910च्या जनगणनेत मोजलेल्या वीस लाखांतली दर चारांतली जवळजवळ तीन मुलं शेतात होती. हाइनने कापसाच्या, बिटाच्या आणि क्रॅनबेरीच्या शेतांत जाऊन त्यांचेही फोटो काढून ठेवले होते.